आत्याबाईंची ओ

कोणी न मारलेल्या हाकेला ओ देणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला आली. ही माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न ठरताना मला सांगण्यात आलं होतं की घरात मुलगा आणि त्याची एक बहिरी आत्या एवढीच माणसं आहेत. बहिरी म्हटल्यावर मी मनातून खूशच झाले. सासरच्या माणसाला ऐकू कमी येणं ही सुनेच्या दृष्टीने काही वाईट गोष्ट नव्हे. आणि आत्याबाई खरोखरच बहिऱ्या होत्या. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नसे, कुकरच्या शिट्ट्या येत नसत. मनवेलपाड्याच्या आमच्या गल्लीतून गणपतीत जो बेंजोवाल्यांचा ताफा जातो, ज्याने आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, तो अगदी दाराशी आलेला असताना त्या शांतपणे सुकट निवडत बसत आणि मान वर करून मला विचारत, "औंदा गनपती नाय का आले?" पण लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, घर चिडीचूप असताना, या बाईंनी एकाएकी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, मान किंचित तिरकी केली आणि भिंतीकडे बघून स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हटलं, "ओ!" घरात मी एकटीच होते आणि मी काही बोलले नव्हते. भिंतीपलीकडे जिना होता. मी जाऊन पाहिलं, जिन्यात कोणी नव्हतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन घाबऱ्या घाबऱ्या सगळं सांगितलं. हा माणूस लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांची आरडाओरड ऐकून त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलेनाशी झालेली आहे. बूट काढता काढता त्याने विचारलं, "कुठल्या बाजूने आली?"

"काय कुठल्या बाजूने?"

"हाक गं. आत्याने मान कुठे वळवली होती?"

मी जिन्याकडे बोट दाखवलं. त्याने काढलेला बूट पुन्हा पायात घातला आणि म्हणाला, "चल, बघून येऊ." आम्ही एकेक मजला चढत गेलो. तिसऱ्या मजल्यावर एका घराच्या दाराखालून पाणी येत होतं. आत एक म्हातारे गृहस्थ पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. दुपारी बेसिनचा नळ निखळला होता, त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून ते नुसते पाण्याकडे बघत बसले होते. नवऱ्याने कॉक बंद केला, मी पाणी उपसलं. निघताना मी त्यांना विचारलं, "तुम्ही हाक मारली होतीत का?" ते म्हणाले, "नाही बुवा. कोणाला मारणार?" हातात नव्या नवरीचा चुडा आणि दुसऱ्याच्या घरचं पोतेरं, असा माझा संसार सुरू झाला.

मी घाटावरची. भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच वाढलेली. पण आत्याबाईंनी त्यांची गोष्ट मला सांगितली ती भुताची म्हणून नव्हे. सुकट निवडताना, मला डोकी कशी मोडायची ते दाखवता दाखवता सांगितली. त्यांचं गाव खाडीकाठचं, भातशेतीचं. तिथे एक रीत होती. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. आत्याबाई तेव्हा लग्नाच्या वयाच्या होत्या. धाकटा भाऊ चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला बांधापलीकडे गेला होता आणि या चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. बाहेरून हाक आली, "ताय!" त्या उठायला गेल्या, तर आईने डोळ्यांनी दटावलं. थोड्या वेळाने पुन्हा आली, "ताय!" पिठाचे हात तसेच धरून दोघी मायलेकी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसल्या. तिसरी आली नाही. भरती ओसरल्यावर भाऊ चिखलात सापडला. आई मरेपर्यंत सांगत राहिली की ती हाक त्याची नव्हतीच, तिसरी आली नाही यातच सगळं आलं. आत्याबाईंना ते पटलं असं नाही आणि पटलं नाही असंही नाही. "त्यो असल तर त्याला मी मारला," सुकटीचं डोकं मोडत त्या मला म्हणाल्या. "नसल तर नाय मारला. आता मला कोन सांगनार गो? तिसरी आल्याबिगर कसं कलनार?" तेव्हापासून पहिल्या हाकेलाच ओ द्यायची असं त्यांनी ठरवलं आणि तिसरीची वाट बघत राहिल्या. कान जात गेले तशा हाका वाढत गेल्या. त्यांतली एखादी त्याची असेल या आशेवर त्यांनी पन्नासएक वर्षं काढली.

आमचं घर आधीच धावपळीचं. मी तुळिंजला एका लॅबमध्ये लोकांची रक्तं काढते, नवरा लिफ्टच्या खड्ड्यात, आणि मुलगी झाली ती शाळा आणि क्लास यांच्यामधल्या रिक्षातच वाढली. सकाळी तिघांना एकाच वेळी निघायचं असतं आणि आरसा एकच असतो. मी मोबाईलऐवजी टीव्हीचा रिमोट पर्समध्ये घालून लॅब गाठली आहे. नवऱ्याने माझा चष्मा लावून एका सोसायटीची लिफ्ट दुरुस्त केली आहे, आणि ती लिफ्ट अजून नीट चालते हे त्याने मला बरेचदा ऐकवलं आहे. मुलीने एकदा डबा म्हणून कपडे धुवायच्या पावडरीचा डबा नेला. या सगळ्यात मधेच आतून खणखणीत "ओ!" यायची. मग कोणाची बस चुको, कोणाची परीक्षा असो, एकाला तरी जाऊन बघून यावंच लागे. नाही गेलं तर आत्याबाई स्वतः निघत. त्या भांडत नसत, रुसत नसत, नुसती चप्पल घालत. ती चप्पल घालण्याची पद्धत अशी होती की आम्हा तिघांना आपापल्या कामाची लाज वाटावी.

सगळ्याच हाका खऱ्या निघत असं नाही. एकदा शेजारच्या विंगमधली लिफ्ट अडकली होती आणि "कृपया दरवाजा बंद करा" असं सारखं म्हणत होती, तेवढंच निघालं. एकदा हाकेच्या दिशेने जात जात आम्ही एका हॉलमध्ये शिरलो, तर तिथे साखरपुडा चाललेला. दोन्हीकडची माणसं आम्हाला दुसऱ्या बाजूची समजली आणि आम्ही श्रीखंड-पुरी खाऊन आलो. एका घरी नवरा-बायकोचं भांडण अगदी रंगात आलं होतं. मी ठरलेला प्रश्न विचारला, "तुम्ही हाक मारलीत का?" ती बाई म्हणाली, "हाक नाय मारली, पण आलात तर बसा, आणि याला सांगा जरा!" आम्ही बसलो आणि त्याला सांगितलं. वर्षानुवर्षं दारोदार फिरून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. हाक मारली असं कधीच कोणी कबूल करत नाही, पण आलेल्या माणसाला काम सांगितल्याशिवाय सोडतही नाही.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंची गोष्ट मात्र वेगळी. या बाई एकट्या राहत, कोणात मिसळत नसत. एका सकाळी आत्याबाईंनी वर छताकडे बघून ओ दिली, आणि लगेच दुसऱ्यांदा दिली. दुसऱ्यांदा त्या कधी देत नसत. आम्ही वर गेलो. बेल वाजवली, दार ठोठावलं, आतून काही नाही. नवरा म्हणाला बाहेर गेल्या असतील. मलाही तसंच वाटलं. पण आत्याबाई जिना चढून मागोमाग आल्या होत्या, आणि त्या बंद दाराला हात लावून लहान मुलाशी बोलावं तशा म्हणत होत्या, "आली, आली, आली." नवऱ्याने कुलूप तोडलं. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, आदल्या संध्याकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. बऱ्या होऊन घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं, "मी हाक मारली नव्हती हं. आवाजच निघत नव्हता. मारावी असं नुसतं मनात येत होतं." मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, चहा गोड झाला.

त्यानंतर बरेच दिवस मी आत्याबाईंच्या जवळपास असताना मनात काही येऊ न देण्याचा प्रयत्न करत असे, आणि तो किती अवघड असतो हे ज्याने केला त्यालाच ठाऊक. मुलगी माझ्यापेक्षा धीट. एकदा आमचं नेहमीचं झालं, आम्ही तिघं दाराबाहेर आणि किल्ली आत. आत आत्याबाई होत्या, पण त्यांना बेल ऐकू येईना, आमच्या थापा ऐकू येईनात. "आत्या! आते! आजी!" असं तिघांनी गळा फाडून ओरडून झालं. सगळी बिल्डिंग गोळा झाली, आत्याबाई तेवढ्या नाहीत. शेवटी मुलगी म्हणाली, "थांबा, गप्प बसा सगळे." ती दारासमोर डोळे मिटून उभी राहिली. क्षणभराने आतून आवाज आला, "ओ!" आणि कडी निघाली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी त्या दिवसापासून आत्याबाईंना नमस्कार करायला सुरुवात केली, आणि आमच्याकडे दही मागायला यायचं बंद केलं.

अखेर नवऱ्याने या प्रकाराला शिस्त लावली. रोज धावाधाव करण्यापेक्षा रविवार राखून ठेवू, असं ठरलं. आठवड्यात जिथून हाका आल्या असतील त्या बाजूला रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं, आणि जी फारच घाईची वाटेल तेवढ्यापुरतं मधे जायचं. घाई आहे की नाही हे आत्याबाईंच्या चपलेवरून कळे. आम्ही एक पिशवी केली. तिच्यात बॅटरी, पाना, पक्कड, भिंग, रक्तदाब बघायचं यंत्र, आणि नेलकटर. लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसांना औषधं लागतात, पैसे लागतात. त्यांना सगळ्यात जास्त लागतं ते पायाची नखं कापून देणारं कोणीतरी. माझा नवरा या कामात इतका तरबेज झाला की मागच्या चाळीतले एक आजोबा त्याच्याशिवाय कोणाला पायाला हात लावू देत नसत. मुलगी फोनमधली अक्षरं मोठी करून द्यायची. मी सुया ओवून ठेवायची. शिवणाऱ्या म्हाताऱ्यांना शिवता येतं, ओवता येत नाही. दहा-बारा सुयांत दोरे घालून त्या उशीला टोचून ठेवल्या की त्यांचा महिना निघे. आत्याबाई काही करत नसत. त्या नुसत्या बसत, आणि ज्याच्या घरी गेलो त्याच्याकडे बघून म्हणत, "आयकलं मी." ज्याला हे म्हटलं जाई तो कसनुसा हसायचा. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मला या सगळ्याची भीती वाटत नव्हती असं नाही. एका रविवारी आम्ही ठरवून हाका-बिका बाजूला ठेवल्या आणि राजोडीला समुद्रावर गेलो. भेळ खाल्ली, मुलीने घोडागाडीत बसून घेतलं, नवरा पँट दुमडून पाण्यात उभा राहिला. आत्याबाई वाळूवर बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी मान तिरकी केली आणि समोर बघून म्हटलं, "ओ." समोर नुसता समुद्र होता. एरवी ज्याचा पहिला प्रश्न "कुठल्या बाजूने?" हा असायचा, तो माझा नवरा त्या दिवशी काही न विचारता पाण्यातून बाहेर आला. मुलीलाही तो लगेच हात धरून घेऊन आला. आम्ही चौघं रिक्षात बसलो. आत्याबाई मात्र मागे वळून वळून बघत होत्या. कोणाच्या तरी हाकेला ओ देऊन आपण निघून आलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

मग तो टँकर आला. रस्त्यापलीकडून हाक आली म्हणून आत्याबाई चप्पल घालून एकट्याच निघाल्या, आणि पाण्याचा टँकर कर्कश हॉर्न देत त्यांच्या पदराला घासून गेला. पलीकडच्या भाजीवाल्याने ओढलं म्हणून वाचल्या. हॉर्न त्यांना ऐकूच आला नव्हता. नवरा मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी बोलला, आणि आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. तिथे एका काचेच्या खोलीत बसवतात, कानाला मोठे गोल लावतात, आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. डॉक्टरबाईंनी आवाज वाढवत वाढवत नेला, आत्याबाई देवळात बसल्यासारख्या बसून राहिल्या. मग डॉक्टरबाईंनी आवाज पूर्ण बंद केला आणि काहीतरी लिहायला घेतलं, तेवढ्यात त्या बंद खोलीतून "ओ!" आली. आत्याबाई गोल काढून उठल्या आणि सरळ बाहेर बाकाकडे गेल्या. बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती, बुजरी, परगावची. तिचा नंबर केव्हाच होऊन गेला होता, कारण ज्यांना ऐकू येत नाही त्यांची नावं नर्स नुसती दारातून पुकारत होती. "हिला आत घ्या आदी," आत्याबाईंनी डॉक्टरबाईंना सांगितलं.

डॉक्टरबाई हुशार होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की कान रिकामे राहिले की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. यंत्र बसवलं, बाहेरचे आवाज नीट जाऊ लागले, की हे आतले आवाज बहुधा थांबतील. त्यांनी हे चांगली बातमी म्हणून सांगितलं. घरी येऊन मी ते आत्याबाईंना मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखवलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला पाटी पुसावीशी वाटली. "सगल्या थांबतील?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग त्याची कशी येल?" मी नवऱ्याकडे बघितलं. तो त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून म्हणाला, "आते, टँकरखाली गेलीस तर मी काय करू? मी आयुष्यभर काय विचारत बसू?" आत्याबाईंनी पदराने पाटी पुसून टाकली. मग म्हणाल्या, "आन तुजा मशीन."

यंत्र आलं आणि घर बदललं. आत्याबाईंना पहिल्यांदा फ्रीज ऐकू आला. "ह्या कोन घुमतो दिवसभर?" मग पंखा ऐकू आला, शेजारच्यांचा मिक्सर ऐकू आला, आणि मी भांडी घासताना तोंडातल्या तोंडात काय काय बोलते तेही ऐकू आलं, ही गोष्ट त्यांनी मला दोन दिवस उशिरा, अगदी सभ्यपणे कळवली. हाका मात्र थांबल्या. एकही नाही. सकाळी तिघंही वेळेवर निघू लागलो, किल्ली आत राहीना, दूध उतू जाईना. रविवारी मी दुपारी झोपू शकले. या गोष्टींचा मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. आत्याबाई सुकट निवडायला बसायच्या आणि निवडलेलीच पुन्हा निवडायच्या. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्या यंत्राला हात लावायच्या, काढायच्या नाहीत, नुसता हात लावून ठेवायच्या. नवऱ्याला दिलेला शब्द त्या पाळत होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "आता त्याला वाटल, मी पुन्ना आयकत नाय." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

आणि मग एका रविवारी, अशीच संध्याकाळ होत आली असताना ते घडलं. त्या वेळी आम्ही चौघंही घरात होतो. मुलगी केस वाळवत होती, नवरा मिक्सर उघडून बसला होता, मी कणीक मळत होते. आत्याबाई आपल्या जागेवर होत्या आणि दोन्ही कानांत यंत्र होतं. जिन्याकडून हाक आली.

"ताय!"

कोवळा आवाज, धापा टाकत आल्यासारखा. मुलीने केसांतला हात थांबवला. नवऱ्याने पेचकस खाली ठेवला. आमच्या घरात आत्याबाईंना कोणी ताय म्हणत नाही. म्हणणारी माणसं केव्हाच संपली. आत्याबाईंनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. "तुमी आयकलात?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मुलगी म्हणाली, "ऐकलं, आजी." त्या उठल्या. चप्पल घातली नाही. दाराशी जाऊन कडी काढली, दार पूर्ण उघडलं, आणि म्हणाल्या, "ओ." एवढीच ओ, पण तशी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. जिना रिकामा होता. मी जागेवरून पाहत होते, मला थेट खालच्या वळणापर्यंत दिसत होतं. आत्याबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग दारात कोणी आलं की आपण होतो तशा अंग चोरून बाजूला झाल्या, जरा थांबल्या, आणि दार लावून घेतलं. माझ्या कणकेच्या हातांवर काटा उभा राहिला.

त्या परत जागेवर येऊन बसल्या आणि रडू लागल्या. नवरा जवळ गेला तर त्याला हाताने थोपवून म्हणाल्या, "त्योच व्हता रे. तिसरी मारली त्यानं. मानूस तीनदा मारतो." म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या दोन हाकाही त्याच्याच होत्या, आणि आत्याबाई त्या ऐकून गप्प बसल्या होत्या. ज्याची वाट पाहिली ते कळलं, आणि जे कळू नये असं वाटत होतं तेच कळलं. मला वाटलं ही बाई आता यातून उठत नाही. पण खूप रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रागावला नाय गो. रागावला असता तर आला नसता." नंतर त्यांनी जेवायला मागितलं आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवल्या.

मुलगी शिकलेली आहे. तिचं म्हणणं, बिल्डिंगमधलंच कोणीतरी बहिणीला हाक मारत असेल. म्हणून आत्याबाईंना जेवायला वाढून आम्ही तिघं लगेच निघालो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत आणि मागच्या चाळीपर्यंत प्रत्येक दार वाजवलं. "तुम्ही हाक मारलीत का?" सगळे नाही म्हणाले. पण मला थंडगार वाटलं ते त्यामुळे नाही. त्या संध्याकाळी एकानेही आम्हाला काही काम सांगितलं नाही. कोणाचा नळ गळत नव्हता, कोणाच्या सुया ओवायच्या नव्हत्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई काठी टेकत दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "आज काही नको हो. आज कसं अगदी बरं वाटतंय." आम्ही भरलेली पिशवी तशीच घेऊन घरी आलो.

आता आत्याबाई चारचौघींसारख्या आहेत. मालिका बघतात, बेल वाजली की दार उघडतात, मी मिठात हात आखडते अशी शेजारणीजवळ तक्रार करतात. झोप उत्तम लागते. यंत्र काढून ठेवलं तरी आता त्यांना एकही हाक ऐकू येत नाही. त्यांना शांत बघून मला बरं वाटतं, अगदी मनापासून. रविवारी आम्ही अजून जातो, सवय झाली आहे, पण आता कोणत्या बाजूला जायचं ते आम्हाला ठरवावं लागतं. मी जिन्यात उभी राहते, मान तिरकी करून बघते, आणि मला पंप ऐकू येतो, टीव्ही ऐकू येतात, कोणाची तरी फोडणी ऐकू येते. मग आम्ही अंदाजाने एखादं दार निवडतो. आत जाऊन नखं कापतो, सुया ओवतो, हसतो, बोलतो, आणि सगळा वेळ माझ्या मनात येत राहतं की आपण भलत्याच घरी बसलो आहोत. इतकी दारं आहेत या गावात. त्यांतल्या एखाद्यामागे या क्षणी कोणीतरी हाक मारावी असं मनात आणत असेल, आणि आमच्या घरी आता ती ऐकणारं कोणी नाही.